चेतासंस्थेचा पाठ : विंचू, मण्यार आणि रात्रपाळीची परिचारिका

आपल्या वार्षिक अहवालात जमाखर्चाचे ताळेबंद, विभागवार कामाचा गोषवारा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा अभ्यासपर लेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा असते. यंदा त्यासाठी चेतासंस्था आणि तिचे विकार हा विषय घेतला आहे. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना शरीरशास्त्रातील हे प्रकरण सर्वांत अवघड वाटते, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना त्यातील विकार सर्वांत भयावह वाटतात. दोघांनाही उपयोगी पडावा अशा रीतीने हा पाठ मांडण्याचा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय परिभाषा बेताचीच वापरली आहे.

पाठ्यपुस्तकात चेतासंस्थेच्या विकारांची सुरुवात बहुधा पक्षाघात, अपस्मार, कंपवात या क्रमाने होते. हे विकार आपल्याकडेही आहेतच. परंतु महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून रात्री-अपरात्री रुग्णालयाच्या दारात येणारा रुग्ण पुष्कळदा वेगळेच कारण घेऊन येतो. भाताचा पेंढा उपसताना, चुलीसाठी सरपण काढताना किंवा बांधावरचा दगड उचलताना विंचवाने नांगी मारलेली असते. किंवा जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावलेली असते. या दोन्ही प्राण्यांचे विष चेतासंस्थेवर घाव घालते. तो घाव नेमका कोठे बसतो हे समजले, म्हणजे चेतासंस्थेची रचना घोकावी लागत नाही, ती आपोआप ध्यानात राहते. शिवाय लाल विंचवाच्या दंशाविषयी आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातील मोठा भाग महाड तालुक्यातच, रुग्णाच्या खाटेशेजारी बसून शोधला गेला आहे. आपल्या विद्यार्थिनींनी हा पाठ परक्या उदाहरणांवरून शिकण्याचे कारण नाही.

रचना थोडक्यात

प्रौढ माणसाचा मेंदू साधारणतः १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम दोन टक्के हिस्सा. पण शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा भाग तो एकटा वापरतो. इतका खर्चिक विभाग दुसरा नाही, आणि त्याची शिल्लक मात्र शून्य : प्राणवायू थांबला की काही मिनिटांत हानी सुरू होते. मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू कण्याच्या पोकळीतून सुमारे ४५ सेंटिमीटर खाली उतरतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मेंदूपासून चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूपासून ३१ जोड्या निघून सर्व शरीरात पसरतात.

चेतेतून निरोप जातो तो विद्युतलहरीच्या रूपाने. चेतातंतूच्या पृष्ठभागावर सोडियमची सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात, आणि अशी उघडझाप पुढे पुढे सरकत गेली की निरोप पोहोचतो. तंतूच्या टोकाला मात्र एक अतिसूक्ष्म फट असते. विद्युतलहर ती ओलांडू शकत नाही. तेथे टोकाकडून एक रसायन सुटते आणि पलीकडच्या स्नायूवर किंवा दुसऱ्या चेतापेशीवर जाऊन बसते. स्नायूपाशी हे रसायन ॲसिटिलकोलिन असते. दार आणि फट, या दोनच गोष्टी विद्यार्थिनींनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पुढचे सर्व विवेचन त्यांच्यावरच उभे आहे.

आपल्या इच्छेने चालणाऱ्या चेतांखेरीज एक स्वायत्त चेतासंस्था असते. हृदयाची गती, रक्तदाब, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल हा सारा कारभार ती आपल्याला न विचारता पाहते. तिचे दोन विभाग आहेत. अनुकंपी विभाग संकटकाळी शरीराला सज्ज करतो : नाडी वाढवतो, त्वचेतील रक्तवाहिन्या आवळतो. परानुकंपी विभाग शांततेच्या काळातले काम पाहतो. निरोगी शरीरात दोघे एकमेकांना सांभाळून असतात.

लाल विंचू

गावात काळ्या, मोठ्या विंचवाची धास्ती अधिक असते. खरा धोका आकाराने लहान असलेल्या लाल विंचवाचा आहे. त्याचे विष चेतातंतूवरील सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. परिणामी एकदा निघालेला निरोप पुन्हा पुन्हा निघत राहतो आणि स्वायत्त चेतासंस्थेचे दोन्ही विभाग एकदम खवळतात. वैद्यकीय ग्रंथांत याला स्वायत्त वादळ असेच म्हटले आहे. प्रथम ओकाऱ्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि पुरुष रुग्णांत, लहान मुलग्यांतही, जननेंद्रियाची ताठरता अशी लक्षणे दिसतात. त्यानंतर अनुकंपी विभागाचा अंमल सुरू होतो. रक्तवाहिन्या आवळल्याने हात-पाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार येतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचून रुग्णाला धाप लागते. तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला म्हणजे फार उशीर झालेला असतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले, तेव्हा विंचूदंशाचा रुग्ण का दगावतो याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. ॲलर्जीवरची औषधे आणि स्टेरॉइड दिले जात; पण हा आजार ॲलर्जीचा नसल्याने त्यांचा उपयोग होत नसे. गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. डॉ. बावस्करांनी रुग्णाजवळ तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान यांच्या नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढचा प्रश्न औषधाचा. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हा उपाय त्या नोंदींवरूनच सुचत होता. आरंभी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहण्यात आले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि क्षणोक्षणी रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यातील केंद्राला ते झेपणारे नव्हे. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरचे जुने औषध साध्या गोळीच्या रूपात मिळत होते, आणि ते अनुकंपी विभागाचा निरोप रक्तवाहिनीपाशीच अडवते. डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा याविषयीचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. या गोळीने मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणून ठेवले.

मुंबईच्या हाफकिनने विंचवाचे प्रतिविष तयार केल्यावर त्याचीही परीक्षा महाडमध्येच झाली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७० रुग्ण होते. ३५ जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले आणि ३५ जणांना केवळ प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या गटातील ३२ रुग्ण पूर्ण लक्षणमुक्त झाले होते, दुसऱ्या गटातील ८. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि वही एवढ्या साधनांवर या कामाचा पाया घातला गेला, ही गोष्ट लेखकाला त्या सन्मानाहूनही मोलाची वाटते.

हात लावून पाहणे

आता परिचारिकेच्या कामाकडे वळू. विंचूदंशाच्या रुग्णाची वेदना आणि त्याचा धोका यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. जो मोठ्याने कण्हतो, ज्याच्या दंशाच्या जागी नुसता स्पर्शही सोसवत नाही, त्याचे हात-पाय उबदार असतील तर तो बहुधा सुखरूप असतो. उलट वेदना कमी झाली आहे, मूल निपचित पडले आहे, कपाळावर घाम आहे आणि पावले थंड आहेत, तर तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. विंचू उतरवणाऱ्यांवर लोकांचा विश्वास का बसला, याचेही उत्तर यात आहे. बहुसंख्य दंश सौम्य असतात आणि त्यांतील कळ काही तासांनी आपोआप ओसरते; श्रेय मात्र मंत्राला मिळते. त्या लोकांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. नातेवाइकांना एवढेच सांगावे की मंत्र घालायचा तर वाटेत घाला, पण गाडी थांबवू नका.

म्हणून परिचारिकेने प्रथम रुग्णाच्या तळपायाला हात लावावा. औषध सुरू झाल्यावरही हात-पाय पुन्हा उबदार होणे हीच सुधारणेची खूण आहे, आणि डॉक्टरांच्या आदेशानुसार प्राझोसिनची पुढची मात्रा द्यावयाची की थांबवायची हे त्यावरच पुष्कळसे ठरते. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे. पहिल्या मात्रेनंतर एकाएकी उठून बसल्यास रक्तदाब घसरून भोवळ येते. लघवीसाठीही उठवू नये. ओकाऱ्या पाहून नातेवाईक ‘सिस्टर, सलाईन लावा’ असा आग्रह धरतात. या आजारात फुप्फुसांत पाणी साचण्याचे भय असल्याने बाटली लावावी की नाही आणि किती वेगाने, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. सलाईनची बाटली म्हणजेच उपचार, ही समजूत या भागात फार खोल रुजली आहे.

येथे एक धोका विद्यार्थिनींच्या नजरेस मुद्दाम आणला पाहिजे. शेतीतील कीटकनाशक पोटात गेलेला रुग्णही घामाघूम, लाळ गाळत, ओकत येतो. त्या विषाने फटीतील ॲसिटिलकोलिनचा निचरा होत नाही आणि ते साचून राहते. त्यावर ॲट्रोपिन हे जीव वाचवणारे औषध आहे. लाल विंचवाच्या दंशात तेच ॲट्रोपिन घातक ठरू शकते, कारण परानुकंपी विभागाचा अंमल अल्पकाळच टिकतो आणि पाठोपाठ येणाऱ्या अनुकंपी वादळाला ॲट्रोपिनमुळे रान मोकळे होते. दोन रुग्ण, दिसायला सारखे, आणि औषध परस्परविरुद्ध. कीटकनाशकाच्या रुग्णाची बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली असते आणि अंगाला, श्वासाला उग्र वास येतो. विंचूदंशात बाहुली बहुधा रुंदावलेली असते. डॉक्टर येईपर्यंतच्या पाच मिनिटांत परिचारिकेने बॅटरीच्या उजेडात डोळे पाहून केस पेपरवर नोंद केली, तर तेवढ्याने दिशा ठरू शकते.

मण्यार आणि नाग

कोकणात सर्पदंश म्हटले की फुरसे आणि घोणस आठवतात. त्यांचे विष मुख्यतः रक्ताच्या गोठण्यावर परिणाम करते. ते प्रकरण वेगळे. चेतासंस्थेवर आघात करणारे दोन, नाग आणि मण्यार. दोघांचाही वार फटीवर होतो, पण फटीच्या वेगवेगळ्या काठांवर.

नागाचे विष स्नायूच्या काठावर बसते. ॲसिटिलकोलिन सुटते, परंतु त्याची जागा आधीच बळकावलेली असते. अशा वेळी प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन हे औषध उपयोगी पडते. ते फटीतील ॲसिटिलकोलिन वाढवते आणि विषाला बाजूला सारण्यास मदत करते. मण्यारीचे विष अलीकडच्या काठावर, म्हणजे चेतेच्या टोकावर जाते आणि ते टोकच निकामी करते. निरोप पाठवणारेच नाहीसे झाल्यावर फटीतले रसायन वाढवून फारसा उपयोग होत नाही. प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष निष्प्रभ करते, पण बिघडलेली टोके दुरुस्त करू शकत नाही. ती शरीर स्वतः नव्याने तयार करते आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोपर्यंत श्वास यंत्राने चालू ठेवणे हाच उपचार होय. ‘एवढे प्रतिविष देऊनही पेशंट डोळे का उघडत नाही?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, आणि ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही. दंशाची खूण डासाच्या चाव्याएवढी असते किंवा दिसतच नाही. पहाटे माणूस पोटात कळ येते म्हणून उठतो, घरचे त्याला पित्त झाले समजून ओवा देतात, आणि उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागतात. जमिनीवर झोपलेली व्यक्ती, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या हा त्रिकोण जुळला की साप पाहिलेला नसला तरी मण्यारीचा संशय धरावा. खाटेवर किंवा चहूबाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अर्धांगवायू शरीराची एक बाजू लुळी करतो. मण्यारीचे विष डोळ्यांपासून सुरू होऊन खाली उतरते : पापण्या, गिळणे, मान, मग श्वासाचे स्नायू. या उतरणीवर नजर ठेवण्यास यंत्र लागत नाही. रुग्णाला उशीवरून मान उचलावयास सांगावी. एका दमात एक, दोन, तीन असे आकडे मोजावयास सांगावे. मध्यरात्री पंचवीसपर्यंत पोहोचणारा रुग्ण तासाभराने बारावर थांबला, तर त्याचा श्वास अपुरा पडू लागला आहे. नाडीदर्शक यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा तेव्हाही चांगला दिसत असू शकतो. डॉक्टरांना उठवावयाचे ते याच वेळी.

ऐकू येते आहे

बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेली मोजपट्टी आज सर्वत्र वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यावयाचे. शुद्धीवरच्या माणसाला १५, आणि कमीत कमी ३. घाटातील अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी ही पट्टी फार उपयोगाची आहे. मण्यारीच्या रुग्णाबाबत मात्र ती फसवते. तो डोळे उघडू शकत नाही, बोलू शकत नाही, बोट हलवू शकत नाही. गुण ३ भरतात. बाहुल्यासुद्धा रुंद आणि निश्चल होऊ शकतात. मेंदू मृत झाल्याचे सारे चित्र उभे राहते आणि आत माणूस जागा असतो. विष फटीत आहे, मेंदूत नाही. कान आणि मेंदू यांच्यामध्ये ॲसिटिलकोलिनवर चालणारा एकही स्नायू आड येत नसल्याने त्याला बोललेले ऐकू येत असते. बऱ्या झालेल्या अशा रुग्णांनी खाटेभोवतीची बोलणी पुढे सांगितल्याचे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे.

या एका गोष्टीवर कुटुंबाचा निर्णय अवलंबून असतो. आशा नाही असे समजून यंत्र काढून रुग्णाला घरी नेण्याची भाषा सुरू होते, आणि ती त्याच्याच उशाशी होते. विद्यार्थिनींना म्हणूनच शिकविले जाते की अशा रुग्णाला नावाने हाक मारून वार आणि वेळ सांगावी, सुई टोचण्यापूर्वी व नळी साफ करण्यापूर्वी काय करणार ते सांगावे, पापण्या मिटून डोळे ओले ठेवावेत, दर दोन तासांनी कूस बदलावी. वेदना त्याला होतेच, फक्त तोंडावर दिसत नाही. नातेवाइकांनीही जवळ बसून नेहमीच्या गोष्टी बोलाव्यात : गाय व्याली, मुलाचा निकाल लागला, पागोळ्या लावून झाल्या. पहिली हालचाल बहुधा एखाद्या बोटाची किंवा भुवईची असते, आणि ती डॉक्टरांच्या फेरीपेक्षा बाजूला बसलेल्या आईच्या किंवा रात्रपाळीच्या परिचारिकेच्या नजरेस आधी पडते.

खर्चाविषयी दोन शब्द लिहिणे हे माझे कामच आहे. प्राझोसिनच्या गोळ्यांचा खर्च आपल्या हिशोबात शोधूनही सापडणार नाही, इतका अल्प आहे. प्रतिविषाच्या कुप्या महाग असून त्यांना मुदत असते. पावसाळा कोरडा गेला तर त्या वाया जातात, आणि साठा कमी ठेवला तर एखाद्या रात्री घात होतो. व्हेंटिलेटरची खाट मण्यारीच्या एका रुग्णाने दहा-दहा दिवस अडते. पण सर्वांत मोठी बाब आहे ती तळपायाला हात लावणाऱ्या, आकडे मोजून घेणाऱ्या माणसाचा पगार. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, रात्रपाळीवर लावता येत नाही. विश्वस्तांनी परिचर्या निधीचे वेगळे खाते ठेवण्याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

पक्षाघाताविषयी येथे एवढेच. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर रुग्णाला पाणीसुद्धा न पाजता निघावे. गुठळी विरघळविण्याचे औषध सुमारे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन पाहून. घड्याळ सुरू होते ते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून, लक्षात आले तेव्हापासून नव्हे.

राहिला प्रश्न पुढे पाठविण्याचा. महाडहून मुंबई दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांना महाडच दूर पडते. वाटेत श्वास थांबण्याची शक्यता असलेला रुग्ण फुगा दाबून श्वास देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीशिवाय गाडीत चढवू नये. सोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यात दंशाची किंवा लक्षणे सुरू झाल्याची वेळ, पहिली ओकारी केव्हा झाली, पापण्या केव्हा मिटल्या, एका दमात शेवटी किती आकडे मोजले, प्रतिविषाच्या किती कुप्या गेल्या, प्राझोसिनची शेवटची मात्रा केव्हा दिली आणि गावात आधी काय दिले गेले, हे लिहावे. चिठ्ठी केस पेपरला टाचावी, नातेवाइकाच्या खिशात देऊ नये. आणि सहीखाली तारखेबरोबर तास-मिनिटेही घालावीत.